स्टुलावरची बाई

कोर्टवाली आक्का स्वतःच्या आयुष्याचं नाटक करायची, पण त्यात स्वतःचं काम तिने कधीच केलं नाही. बाकी सगळे तीच. खांद्यावर टॉवेल टाकला की ती तिचा भाऊ व्हायची, टोपी तिरकी केली की नवरा. जुन्या रेनकोटाला कात्री लावून बेतलेला काळा कोट चढवला की वकील. मध्ये एक लोखंडी स्टूल रिकामं ठेवलेलं असे. खेळ रंगात आला की ती समोर बसलेल्या बायकांवरून नजर फिरवायची आणि बोट दाखवायची. "माझं काम कोण करणार? तू ये गं, मगाधरनं लई हसतीयास." ती बाई लाजत, पदर तोंडाशी धरत येऊन बसायची. त्या क्षणापासून ती बाई आक्का, आणि आक्का म्हणजे तिच्यावर तुटून पडणारं सगळं जग.

मी एकदा विचारलं, "तुमची गोष्ट आहे, मग तुम्ही का नाही बसत?"

"मी बसले तर मला रडू यील," ती म्हणाली. "रडणारी बाई काय, घरोघर हाय. तिला बघाया कोण कशाला यील?"

कोर्टवाली हे नाव गावाने तिला हिणवायला ठेवलं होतं. तिने ते अंगावर दागिना घालावा तसं घालून घेतलं. एस्टीत कंडक्टरने "कोर्टवाली, पुढं सरका" म्हटलं की ती म्हणायची, "सरकते राव, पर तारीख लागली म्हंजे मला उठवायचं न्हाई."

तिचं गाव खोडदच्या अलीकडचं. शेतातून मान वर केली की तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड जाळीदार थाळ्या दिसायच्या. तिला दिलं होतं आळेफाट्याला. नवऱ्याचं गॅरेज होतं, हातात सतत पाना असायचा, आणि तो पाना फक्त गाड्यांवर चालत नव्हता. आई अंथरुणाला खिळली म्हणून आक्का माहेरी आली. वर्षाच्या आत नवऱ्याने दुसरी बाई घरात आणून बसवली. आई गेली. वडील आधीच गेलेले. शेताच्या हिश्शावर तिने आईच्या देखत हक्कसोड करून दिली होती, सगळ्या बहिणी करतात तशी, माहेर तुटू नये म्हणून. त्या बदल्यात साडी मिळाली. उरली होती ती गोठ्याला लागून असलेली एक खोली. भावाला स्लॅबचं घर बांधायचं होतं आणि नकाशात ती खोली बसत नव्हती.

"नकाशात बसत न्हाई म्हंजे काय?" आक्का म्हणाली. "मी त्या खोलीत जन्माला आले. नकाशा मागनं आला." आणि तिने तालुक्याच्या कोर्टात दावा लावला. मागणी एवढीच की मला माझ्या बापाच्या घरात राहू द्या.

त्या वेळचा कायदा असा होता: बापाच्या राहत्या घरात मुलीला राहायचं असेल तर ती बिनलग्नाची हवी, विधवा हवी, नाहीतर नवऱ्याने टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली हवी. मुलाला असलं काही लागत नव्हतं. मुलगा कसाही वागो, घर त्याचंच. मुलीने मात्र आपली विटंबना आधी चारचौघांत शाबीत करायची आणि मग उंबरा ओलांडायचा. हे कलम मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच पुन्हा वाचलं. ते लिहिणारे लोक शिकलेले होते, सज्जन होते, त्यांनाही बहिणी असतीलच.

भावाच्या वकिलाने त्या कलमातली फट बरोबर हेरली. त्याने आळेफाट्याहून आक्काच्या नवऱ्यालाच साक्षीला आणलं. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घालून सांगितलं, "मी हिला टाकलेली नाही साहेब. सासूबाई आजारी होत्या म्हणून मीच धाडली होती. आजसुद्धा न्यायला तयार आहे." मग आक्काची उलटतपासणी झाली. तुमचा नवरा तुम्हाला न्यायला तयार आहे. जाणार का? फक्त हो किंवा नाही सांगा.

हो म्हटलं तर त्या पान्याखाली परत जायचं. नाही म्हटलं तर नवऱ्याने टाकलेलं नाही, रीतसर वेगळीही झालेली नाही, बाई आपल्या मर्जीने राहतेय, म्हणून खोली जायची. दोन्हीकडून ती रस्त्यावर.

"मग तुम्ही काय उत्तर दिलंत?" मी विचारलं होतं.

"गप ऱ्हायले," आक्का म्हणाली. "तोंडातनं शबूदच फुटना. घरी आल्यावर वाटलं, एवढ्या बाया हायेत दुनियेत, एकीला तरी ठावं असंल की उत्तर. म्हनून इचारत फिरते."

तिच्या नाटकाचं मूळ एवढंच.

माझी आणि तिची गाठ घोडेगावची. माझी आई तिथे महिला मंडळ चालवायची. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत, आणि मी अक्षर लावून वाचलेलं पहिलं वाक्य 'बहिणींनो, जाग्या व्हा' हे होतं. मंडळाच्या एका शिबिरात पुण्याहून आलेल्या वकीलबाई वारसाहक्क समजावून सांगत होत्या. फळ्यावर कलमं, समोर पेंगणाऱ्या बायका. तेव्हा मागून एक काटकुळी बाई उठली आणि म्हणाली, "बाई, तुमी जरा बसा. मी दावते." तिने शेजारणीचा टॉवेल ओढून खांद्यावर टाकला आणि भावाचा आवाज काढला. बायका हसून लोळल्या. मग ती वकील झाली, आणि स्टुलावर ओढून बसवलेल्या बाईला तिने तो प्रश्न विचारला. हसू जिथल्या तिथे थिजलं. फळ्यावरची कलमं त्या दिवशी कुणी पुसली नाहीत, पण ती पुन्हा कुणी वाचलीही नाहीत.

त्यानंतर चारेक वर्षं आम्ही दोन तालुके पालथे घातले. मी सोबत असायची, स्टूल उचलायला आणि पत्रकं वाटायला. जुन्नरला एका मोहल्ल्यात बांगड्या विकणाऱ्या घरची सून स्टुलावर बसली. प्रश्न ऐकल्यावर ती हसून म्हणाली, "बाजी, हमारा कायदा अलग है. पर सवाल येच पूछते." आहुप्याला एक म्हातारी बसली. तिने वकिलालाच उलटं विचारलं, "आदी मला सांग, ह्ये घर सारवलं कोणी? दर साली शाकारलं तवा पेंढा डोक्यावं कोणी वाह्यला? ज्यानं वाह्यला त्याला बलीव, मंग मी बोलते." परतीच्या गाडीत आक्का म्हणाली, "ह्या म्हातारीला माझी वकील केली असती तर लई बरं झालं असतं." कुणी 'जाते' म्हणायची, कुणी 'मरते पण जात नाही' म्हणायची. बहुतेक जणी खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायच्या.

खेळ त्या प्रश्नावरच संपायचा, आणि याच शेवटावरून आमचं भांडण व्हायचं. मला तो शेवट सोसत नव्हता. मी तिला एक शेवट लिहून दिला होता: स्टुलावरची बाई उठते, मूठ वळते, सगळ्या जणी घोषणा देतात. आक्काने तो मन लावून ऐकला.

"झ्याक लिवलंय," ती म्हणाली. "पर घोषणा दिली का बाई मोकळी व्हती. वरडली, घरी गेली, भाकरी थापली. मला तिला मोकळी न्हाई करायची. तिनं रातभर कूस बदलाया पायजे."

"म्हणजे बायकांना नुसतं अस्वस्थ करून सोडायचं?"

"मंग? मला कोणी स्वस्थ केलंया?"

मला राग यायचा. तिच्या एका सवयीचा तर फारच. तारखेच्या दिवशी गावातून सकाळची एकच एस्टी जुन्नरला जायची, त्यामुळे दावा लावणारी बहीण आणि दाव्यातला भाऊ एकाच गाडीने कोर्टात जायचे. भाऊ आधी चढून तिच्यासाठी खिडकी धरून ठेवायचा, कारण तिला गाडी लागायची. ती त्याच्यासाठी भाकरी आणि ठेचा बांधून न्यायची. कोर्टाच्या आवारातल्या झाडाखाली दोघं एकाच फडक्यावर जेवायची, आणि पुकारा झाला की आत जाऊन समोरासमोर उभी राहायची.

"याला काय अर्थ आहे आक्का? तो तुम्हाला घराबाहेर काढतोय!"

"वैर कोर्टात हाय. एस्टीत त्याचं काय?" ती म्हणायची. "आन् भावड्याला उपाशीपोटी चक्कर येती. पडला बिडला तर पुढची तारीख पडंल."

मग तिच्याच गावात खेळ ठरला. यात्रेचा दुसरा दिवस. कुस्त्या संध्याकाळी होत्या, म्हणून पंचांनी दुपारचा वेळ दिला. देवळापुढचं पटांगण भरलेलं. एका बाजूला पुरुष, त्यांत तिचा भाऊही. आक्काने टॉवेल खांद्यावर टाकला तेव्हा पुरुषांत खसखस पिकली. तिने त्याची चाल, त्याचं खाकरणं, सगळं उभं केलं, आणि भाऊही ओशाळून हसला. मग तिने विचारलं, "माझं काम कोण करणार?"

कुणी उठेना. त्या गावातली प्रत्येक बाई कुणाच्या तरी भावकीतली होती. स्टुलावर बसणं म्हणजे त्या घराच्या विरुद्ध बसणं, हे सगळ्यांना न सांगता कळत होतं. आक्काने दुसऱ्यांदा विचारलं. मी उठणार होते, पण तिने डोळ्यांनीच मला खाली बसवलं. बाहेरची बाई तिला नको होती.

तेव्हा मागच्या बाजूने एक बाई डोक्यावरचा गवताचा भारा देवळाच्या भिंतीला टेकवून पुढे आली. ती सुमनवहिनी होती, आक्काच्या भावाची बायको. शेतातून घरी चालली होती. पदराला कुसळं चिकटलेली. ती कुणाकडे न बघता सरळ येऊन स्टुलावर बसली.

आक्का क्षणभर बावरली. मग तिने टॉवेल काढून वकिलाचा कोट चढवला. तिने विचारलं, "बाई, तुमचा नवरा तुमाला न्यायला तयार हाय. जाणार का?"

सुमनवहिनी म्हणाली, "त्यो न्यायला कवाच आला न्हाई. त्यो आलता त्ये हिला माराया. हिच्या पाठीवं वळ व्हतं, मी सोता हळद लावली. समद्यांला ठावं हाय. ह्यांला बी ठावं हाय." आणि तिने पुरुषांच्या बाजूला, आपल्या नवऱ्याकडे बघितलं.

आपण आक्काचं काम करतोय हे ती विसरून गेली होती. आक्काने कोट काढला, घडी घातली आणि म्हणाली, "आजचा खेळ हितंच." चार वर्षांत खेळ अर्धा सोडलेला मी तेवढाच पाहिला.

आक्काचा दावा चालवणारी मंडळाची वकील हरखून गेली. घरातलीच साक्षीदार! सुमनवहिनीने हेच कोर्टात सांगितलं की नवऱ्याची सगळी साक्ष ढासळणार होती. फक्त तिला समन्स काढायचं होतं. मंडळाच्या खोलीत आम्ही आक्काला घेरून बसलो.

"न्हाई काढायचं," आक्का म्हणाली.

"अहो, दावा जिंकताय तुम्ही!"

"आन् ती? साक्ष दिऊन सांजंला तिला त्याच घरात भाकरी थापायचीय. त्या दिवसाधरनं भावड्या तिच्याशी बोलत न्हाई. यात्रेचं पाव्हणं गेल्यावर तिला रातचं दाराबाहेर ठिवली व्हती. मी दार उघडून माझ्या खोलीत घेतली. आता माझ्या खोलीपायी तिला कायमची भाईर काढू?"

"पण ती स्वतःच्या मनाने बोलली, सगळ्यांसमोर!"

"देवळापुढं बोलली. तितं माझी बहीण व्हऊन बोलली. कोर्टात तिला त्याची बायकू म्हनून हुभी करत्याल." मग ती माझ्याकडे वळली. "तिला काढली तर ती कुठं जाईल, सांग की. तिच्या माहेरच्या खोलीत? तितं बी एक भाऊ हाय."

मी खूप बोलले त्या दिवशी. अन्याय सोसणारी बाईच अन्यायाला खांदा देते, असलंही काही बोलले. आक्का ऐकत होती आणि शेंगा सोलून माझ्यापुढे ठेवत होती.

पुढच्या तारखेला तिने तडजोड केली. खोलीवरचा हक्क ती सोडणार, दावा काढून घेणार, पण एका अटीवर. ती खोली पाडायची नाही आणि ग्रामपंचायतीत ती सुमनच्या नावावर चढवायची. भाऊ लगेच तयार झाला. बायकोच्या नावावर म्हणजे घरातल्या घरातच, असं त्याला वाटलं. त्याच्या वकिलालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. नवा नकाशा खोलीला वळसा घालून काढला गेला.

मी चिडून म्हणाले, "आक्का, हा त्याग आहे. बायकांना आयुष्यभर हेच शिकवलं जातं."

"त्याग तुमच्या पत्रकात," ती म्हणाली. "मी सौदा केलाय. तिला आता कोणी 'नीघ भाईर' म्हन्लं तर ती चार पावलं चालून आपल्या खोलीत जाईल. मला त्येवढी चार पावलं गावली न्हाईत."

सामानाची एक ट्रंक आणि काळा कोट घेऊन ती घोडेगावला आली. मंडळाच्या ओळखीने मुलींच्या वसतिगृहात तिला स्वयंपाकाचं काम मिळालं. झोपायला कोठीघराची एक बाजू होती. नाटक तिने पुढेही केलं, पण कमी. बसून बसून गुडघे आखडले होते. काही वर्षांनी ते कलमच कायद्यातून काढून टाकलं. मी पेपर घेऊन धावत गेले. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "बरं झालं. माझ्यासाठीच थांबल्यालं व्हतं वाटतं." मग शेवटची पोळी तव्यावर टाकून तिने विचारलं, "पर लावल्याला दावा मागं घेतल्याव परत लावता यीत न्हाई ना गं?" तिच्या मनात ते इतकी वर्षं जिवंत होतं हे मला तेव्हा कळलं.

त्याच सुमारास तिला खोकला लागला. तो गेलाच नाही. वसतिगृहाने काही दिवस सांभाळलं, मग मुलींना संसर्ग होईल असं कुणीतरी म्हणालं. तेव्हा सुमनवहिनी आली. एकटीच आली होती, नवऱ्याला सांगून पण त्याला न विचारता. "चल आक्का," ती म्हणाली, "माझ्या खोलीत ऱ्हा. कोणाच्या बापाचं काय जात न्हाई." आक्का त्या वाक्यावर खोकेपर्यंत हसली.

ती जेमतेम सहा महिने जगली. मी शेवटची गेले तेव्हा भाऊ तिला डोकं उचलून चहा पाजत होता. मला बघून तो बाहेर गेला.

ती गेली त्या सकाळी खोलीत बायका जमल्या आणि एकीने ते वाक्य उच्चारलं, "भाग्याची गं, अहेवपणी गेली." नवरा जिवंत, म्हणून सवाष्ण. म्हणून हिरवी साडी, म्हणून मळवट, आणि ते सगळं नवऱ्याच्या हातचं हवं. कुणीतरी आळेफाट्याला फोनही केला होता. दुपारपर्यंत तो टेम्पो घेऊन हजर झाला, सोबत दोन माणसं. हातात हिरवं पातळ, बांगड्या, कुंकवाचा पुडा. दाराशी येऊन म्हणाला, "माती आमच्याकडं व्हईल. रीत हाय. घेऊन चाललो."

पुरुष उठले. भाऊसुद्धा उठला. रीत म्हटल्यावर सगळे वाट द्यायला सरकले. माझ्या तोंडात दहा पत्रकांची वाक्यं जमली होती, त्यातलं एकही बाहेर पडलं नाही.

सुमनवहिनी दारात आली आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून उभी राहिली.

"ती कुठं जायची न्हाई."

"तू कोण गं? बायकू माझी हाय."

"खोली माझी हाय. नाव हाय माझं. आन् ती माझ्या घरची पाव्हणी हाय. माझ्या पाव्हणीला माझ्या दारातनं कोण उचलतंय त्ये बघते मी."

तो भावाकडे वळला, "पावणं, तुमी तरी सांगा हिला." भाऊ दारासमोरून बाजूला झाला. मग म्हणाला, "खोली तिच्या नावावं हाय. माझं काय चालत न्हाई तितं." टेम्पो तसाच परत गेला. आक्काच्या अंगावर तिची रोजची निळी साडी होती, त्याच साडीत तिला नेली.

गावात सगळे म्हणाले, शेवट चांगला झाला, बापाच्या घरातून गेली. मला हे ऐकवत नाही. ज्या खोलीत ती जन्मली तिथे ती पाहुणी म्हणून मेली. तेवढ्यासाठी तिने आयुष्य झिजवलं, आणि कायदा तिच्या मागून चालत आला. दहाव्याला मी सुमनवहिनीला न राहवून बोललेच, "वहिनी, पाहुणी का म्हणालात? ती घरचीच होती की."

ती पत्रावळी पुसत होती. तिने हात थांबवला नाही.

"घरची म्हन्ले असते तर त्यांनी इचारलं असतं, कोणाच्या घरची? नवऱ्याच्या का भावाच्या? पाव्हणीला तसं कोणी इचारत न्हाई."